शेतावर मल्टिप्रोसेस वेल्डिंग मशीन बसवतोय : लाइट, गॅस, प्लस-मायनस, सगळंच विचारायचंय

कपाशी_पारोळा
राम राम मंडळी. शेतातल्या कामासाठी २०० अँपियरचं मल्टिप्रोसेस मशीन घेतलं. सिंगल फेज, इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक कार्डवर चालणारं). एकाच डब्यात चार प्रकार आहेत: गॅसवर मिग (टॉर्चमधून रिळाची वायर आपोआप येते ते), बिनगॅसची फ्लक्स कोअर वायर (पोकळ वायर, आत फ्लक्सची पूड), नेहमीचा रॉड आणि लिफ्ट टिग (टंगस्टनच्या टोकाने आर्क मारतात ते). रॉडची सवय आहे, बाकी तिन्ही नवीन. ट्रॉलीचे फाळके, गोठ्याच्या जाळ्या, शेडचे स्क्वेअर पाइप, कल्टिव्हेटरचे दाते आणि ट्रॉलीचा दांडा अशी कामं काढायची आहेत.
घरून शेडपर्यंत सिंगल फेजची वायर ओढायची आहे, अंतर साधारण ३० मीटर. शेडला लागूनच्या खोलीत वेचणी झाली की कापूस भरतो. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तर तुम्हाला ठाऊकच आहे. सुरुवात कुठून करू?

निदेशक_भुसावळ
भाऊ, अभिनंदन. आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवून निवृत्त झालोय, तेव्हा जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.
बटणांना हात लावण्याआधी मशीनच्या मागची पाटी वाचा. तिच्यावर ड्यूटी सायकल लिहिलेली असते. २०० अँपियरला ६० टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क आणि चार मिनिटं विसावा. आणि हा आकडा ४० अंश तापमानाला धरलेला असतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. म्हणजे पाटीवरचे सहा मिनिटं आपल्याकडे उन्हाळ्यात मिळायचे नाहीत. जड काम सकाळी उरकायचं. मशीन तापून बंद पडलं तर स्विच काढू नका, आतला पंखा चालू राहू द्या, तोच त्याला थंड करतो.
आता मुख्य गोष्ट. मशीन एक आहे म्हणून एकदा जोडलं आणि झालं, असं होत नाही. प्रकार बदलला की प्लस-मायनस बदलतो, गॅस बदलतो, रोलर (वायर पुढे ढकलणारं चाक) आणि टिप (टॉर्चच्या तोंडाशी वायर जिच्यातून बाहेर येते ती) बदलते, हेल्मेटच्या काचेचा नंबर बदलतो. यातलं एक जरी मागच्या कामाचं राहून गेलं तरी मशीन आर्क मारतंच. म्हणून चूक लक्षात येत नाही.
साधी भरीव वायर गॅसवर चालवायची तर टॉर्च प्लसला, अर्थ क्लॅम्प मायनसला. बिनगॅसची फ्लक्स कोअर लावली की उलटं, टॉर्च मायनसला आणि क्लॅम्प प्लसला. बऱ्याच मशीनला पुढच्या बाजूला एक आखूड केबल लोंबत असते, ती याच अदलाबदलीसाठी आहे. भरीव वायर मायनसवर राहिली तर बीड (वेल्डची ओळ) पत्र्यावर दोरी ठेवल्यासारखं वरच बसतं, आत मुरत नाही. फ्लक्स कोअर प्लसवर राहिली तर शिंतोडे फार उडतात आणि बीडला छिद्रं पडतात.
रॉडमध्ये ६०१३ (नेहमीचा साधा रॉड) दोन्हीकडे चालतो, ७०१८ ला (मजबूत जोडाचा रॉड) होल्डर प्लसला. टिगची टॉर्च कायम मायनसला आणि गॅस शुद्ध आर्गॉनच. मिगचा सीओटू टिगला लावलात तर टंगस्टनचं टोक तिथल्या तिथे जळून जाईल. लिफ्ट टिग डीसीवर असतं, त्यामुळे त्याने स्टेनलेस आणि लोखंड होईल, ॲल्युमिनियम होणार नाही. दुकानदार काहीही म्हणो.

गेटग्रील_धुळे
निदेशक सरांच्या म्हणण्यात रोलरची भर घालतो, कारण नवीन माणसाचा निम्मा वेळ तिथेच जातो.
भरीव वायरला व्ही खाचेचा रोलर, फ्लक्स कोअरला दातेरी. फ्लक्स कोअर आतून पोकळ असते, साध्या रोलरने दाबून धरली की चपटी होते आणि लायनरमध्ये (टॉर्चच्या केबलमधली नळी) अडकते. रोलरच्या दोन्ही बाजूंना आकडे कोरलेले असतात, वायर ०.८ मिमी असेल तर ०.८ ची खाच वायरखाली आली पाहिजे. टिपवरही तोच आकडा. दाबाचा स्क्रू वायर न घसरण्यापुरताच आवळा. जास्त आवळला की पुढे कुठे अडकलं तर वायरचा गुंता मशीनच्या आत होतो.
वायर पहिल्यांदा ओढताना टिप काढून ठेवा, टॉर्चची केबल सरळ जमिनीवर पसरा, आणि नोझलकडे वाकून वायर आली का ते बघू नका. ती सुईसारखी येते. ट्रिगर दाबलेला असताना वायरमध्ये करंट असतो हेही रॉडवाल्या माणसाला नवीन असतं.
कशाला काय वापरायचं ते माझ्या मते असं. १६ गेजचे स्क्वेअर पाइप आणि फाळक्याचा पत्रा मिगने, गॅसवर. शेडच्या बाहेर, वाऱ्यात, वर चढून करायचं काम फ्लक्स कोअरने किंवा रॉडने. आमच्या साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, त्या वाऱ्यात मिगचा गॅस नोझलजवळ टिकतच नाही आणि बीड चाळणीसारखं निघतं. शेडमध्ये कूलर किंवा टेबल फॅन थेट कामावर सोडला तरी तेच. पंखा पाठीमागून बाजूला लावा, धूर तोंडावरून निघून जाईल इतपत.
सेटिंग: ०.८ वायर, १६ गेज, मिक्स गॅस, तर १७-१८ व्होल्टपासून सुरुवात करा. सीओटूवर दीड-दोन व्होल्ट जास्त लागतात. गॅस मिनिटाला १० ते १५ लिटर. जास्त सोडून फायदा नाही, उलट गॅस भोवरा घेतो आणि बाहेरची हवा आत ओढतो.

बोअरवाला_शिरपूर
लाइटचं एवढं काय घेऊन बसलात भाऊ. शेतात बोअरच्या बॉक्समध्ये थ्री फेज असतोच. एक फेज घ्यायचा आणि न्यूट्रलच्या जागी अर्थिंगचा रॉड जोडायचा. आमच्याकडे सगळे असंच चालवतात. जुनं मशीन तर दोन फेजवरच चालतं.

वायरमन_चोपडा
दादा, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, हे कोणीही करू नका. रागाने नाही, काळजीने लिहितोय.
अर्थिंगचा रॉड न्यूट्रल म्हणून वापरला की मशीनचा सगळा करंट त्या रॉडमधून जमिनीत उतरतो. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओली असते तोवर चालल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात भेगा पडतात, रॉडभोवतीची माती कोरडी होते, रेझिस्टन्स वाढतो. मग त्या अर्थिंगला जोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या बॉडीवर व्होल्टेज येतं: मोटारीचा बॉक्स, पाइप, कुंपणाची तार, जे जे जोडलेलं असेल ते. वेल्डिंग करणाऱ्याला काही होत नाही आणि स्टार्टर दाबायला आलेल्या माणसाला किंवा हौदाजवळच्या बैलाला शॉक बसतो.
जुन्या मशीनचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. ऑइलचा जुना ट्रान्सफॉर्मर सेट दोन फेजमध्ये, म्हणजे साधारण ४१५ व्होल्टवर चालण्यासाठीच बनलेला असतो. त्याच सवयीने सिंगल फेजचं इन्व्हर्टर दोन फेजमध्ये जोडलं की २३० च्या जागी ४१५ मिळतात आणि आतलं कार्ड जळतं. पाटीवर २३० लिहिलंय की ४१५, हे वाचल्याशिवाय पिन लावायची नाही.
आता पारोळ्याच्या भाऊंचं. २०० अँपियरचं मशीन पूर्ण करंटला लाइनमधून साधारण ३० ते ४० अँपियर ओढतं. नेमका कमाल आकडा पाटीवर असतो. १०० अँपियरवर काम केलं तर १५ अँपियरच्या आसपास. म्हणजे घरातल्या १६ अँपियरच्या सॉकेटवर बारीक काम होईल, पण ३.१५ मिमीचा रॉड सलग जाळायला तो सॉकेट नाही. पिन वितळून बसते. शेडसाठी मेन बोर्डपासून वेगळी लाइन घ्या, वेगळा एमसीबी, इंडस्ट्रियल सॉकेट, आणि आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच).
३० मीटरला ६ चौरस मिमी तांब्याची वायर टाका. ३० अँपियरला तिच्यात पाच-साडेपाच व्होल्टच पडतात. २.५ च्या वायरीत १३ च्या पुढे जातात. संध्याकाळी गावात व्होल्टेज आधीच २०० वर आलेलं असतं, त्यात हे १३ गेले की रॉड चिकटायला लागतो आणि माणूस मशीनला दोष देतो. एक्स्टेंशन वापरलंत तर रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर स्वतःच्या उष्णतेने वितळते.
मशीनची अर्थिंग आणि कामाचा अर्थ क्लॅम्प या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पिनमधून बॉडीला येते आणि जीव वाचवते. दुसरी वेल्डिंगचा करंट परत नेते. क्लॅम्प शेडच्या खांबाला लावून काम दहा फुटांवर करायचं, हे चालणार नाही. करंट मग वाटेल त्या मार्गाने परत येतो, वेळप्रसंगी वायरिंगच्या अर्थमधून, आणि ती बारीक वायर जळते.

बोअरवाला_शिरपूर
४१५ ची गोष्ट आता उलगडली. आमच्या शेतावर घरगुती सिंगल फेज पोचत नाही, थ्री फेजही आठवड्यानुसार कधी दिवसा कधी रात्री. मग जनरेटरवर चालेल का?

वायरमन_चोपडा
चालेल दादा. पण २०० अँपियरला ८ ते १० केव्हीएचा, चांगल्या एव्हीआरचा (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) हवा. लहान जनरेटर असेल तर मशीनचा करंट कमी ठेवा, २.५ चा रॉड ७०-८० अँपियरवर जाळा. आधी जनरेटर चालू करून स्थिर होऊ द्या, मग मशीनचा स्विच. बंद करताना आधी मशीन, मग जनरेटर.

जिनिंग_जामनेर
मूळ पोस्टमध्ये एक ओळ आहे, तिच्यावर अजून कोणी बोललं नाही: शेजारच्या खोलीत कापूस.
मी जिनिंगमध्ये देखभालीचं काम बघतो. ठिणगी सरळ खाली पडत नाही, उडत, घरंगळत जाते. ११ मीटर, म्हणजे ३५ फुटांच्या आत जळण्यासारखं काही नको, असा नियम कारखान्यांत पाळतात. ग्राइंडरच्या ठिणग्यांनाही तोच. दाराखालची फट, पत्र्याचं भोक, भिंत आणि छपरामधली मोकळी जागा, तिथून ती आत जाते. आणि कापूस दर वेळी लगेच भडकत नाही हो, आत धुमसत राहतो. वरून काही दिसत नाही. माणूस मशीन बंद करून जेवायला जातो आणि जाळ नंतर दिसतो.
कापूस खोलीत असेल त्या दिवसांत त्या शेडमध्ये वेल्डिंग करू नका. काम बाहेर मोकळ्यावर न्या, कडबा आणि पऱ्हाटीच्या ढिगापासून लांब, जमीन ओली करून. पाणी मशीनपासून आणि तुमच्या पायांपासून दूर राहील असं. पाण्याचा ड्रम आणि वाळूची बादली आधी भरायची, आर्क नंतर मारायचा. काम संपल्यावर किमान तासभर एक माणूस तिथे थांबला पाहिजे. तासभर म्हणजे तासभर.
कापसाची रूं मशीनच्या जाळीवर बसते, हवा कोंडते. ग्राइंडिंगचा लोखंडी भुगा त्याहून वाईट, तो आत जाऊन कार्ड शॉर्ट करतो. ग्राइंडरचा झोत मशीनकडे कधीही नको. महिन्या-दोन महिन्यांनी पिन काढून, दहा मिनिटं थांबून, कमी दाबाच्या कोरड्या हवेने साफ करा. थांबायचं यासाठी की आतले कपॅसिटर पिन काढल्यावरही काही वेळ भरलेले असतात.

कपाशी_पारोळा
जामनेरचे भाऊ, खूप आभार. खोलीला लागून काम करायचं नाही हे ठरलं, शेडच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याबाहेर ओटा करतो. तो खोलीपासून चांगला लांब पडतो.
गॅसचं अजून कळलं नाही. दुकानात सीओटू स्वस्त मिळतो, मिक्स महाग आणि जळगावहून आणावा लागतो.

गेटग्रील_धुळे
फाळके आणि शेडला सीओटू पुरतो. शिंतोडे जास्त, बीड जरा खरखरीत, पण मुरतं चांगलं. पातळ पाइप आणि दिसणाऱ्या गेटला ८० टक्के आर्गॉन, २० टक्के सीओटूचा मिक्स बरा. शेतीकामाला सीओटूने सुरुवात करा. सीओटूच्या रेग्युलेटरला हीटर लागतो, नाहीतर सलग कामात रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि गॅस अडखळतो. हीटरचं सॉकेट मशीनच्या मागे असेल तर त्याचं व्होल्टेज आणि हीटरवर लिहिलेलं व्होल्टेज जुळतंय ना ते बघूनच लावा.

निदेशक_भुसावळ
सीओटूबद्दल खानदेशात एक गोष्ट जास्त सांगावी लागते. सिलेंडरमध्ये तो द्रवरूप असतो. २० अंशाला आतला दाब ५७ बारच्या आसपास. ३१ अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो. उन्हात तापलेल्या सिलेंडरचा दाब सेफ्टी डिस्क फुटेपर्यंत जाऊ शकतो. म्हणून सिलेंडर सावलीत, उभा, साखळीने बांधलेला. पत्र्याला टेकवून नाही. पिकअपमध्ये टोपी घालून, उभा आवळून. बंद गाडीत किंवा झोपायच्या खोलीत कधीच नको. गळती झाली तर वासावरून कळत नाही.
याच कारणाने सीओटूच्या दाबाच्या काट्यावरून किती गॅस उरला ते समजत नाही. द्रव संपेपर्यंत काटा तिथेच असतो. वजन करा.

केळीबाग_रावेर
विहिरीत पाइप जोडायला मिग उतरवायचा विचार कोणी करत असेल तर थांबा. आर्गॉन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड. खाली साचतात, आधी डोकं जड होतं आणि मग माणूस शिडी चढू शकत नाही. त्याला काढायला उतरलेलाही तिथेच राहतो. पाइप वर काढूनच जोडा. बायोगॅसची टाकी, डिझेलची टाकी, औषधाचा बंद ड्रम यांना तर हातच लावायचा नाही, धुतलेला असला तरी.
आणि जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला. ठिबकच्या फिल्टरचा स्टँड, गोठ्याचे पाइप बहुतेक जीआयच असतात. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की चार-सहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडतं. गूळ खा, दूध प्या असं सांगतात, त्याने धूर बाहेर येत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त ग्राइंडरने काढा, वारा येतो त्या बाजूला उभे राहा, मास्क लावा. थंडी-ताप जात नसेल किंवा दम लागत असेल तर दवाखान्यात जाऊन वेल्डिंग केलं होतं हे डॉक्टरांना सांगा.

नेत्रकक्ष_अमळनेर
नमस्कार. डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. लग्नसराईच्या आधी मांडव आणि शेडची कामं वाढतात, तेव्हा रात्री-पहाटे डोळे सुजलेली मुलं येतात. वेल्डिंग दिवसा केलेलं असतं. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही. बटाट्याची चकती, गुलाबपाणी, दूध काहीही घालू नका. आधी तपासणी करून घ्या, कारण कधी लोखंडाचा कणही रुतलेला असतो. मेडिकलमधून सुन्न करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा टाकणं सगळ्यात वाईट. दुखणं कळेनासं होतं आणि बुबुळाची जखम भरत नाही.
ऑटो काचेचं हेल्मेट घेतलंत तर नंबर स्वतः लावायचा असतो. मिगला आणि रॉडला १०० ते १५० अँपियरवर १० ते ११. बारीक टिगला ९-१० पुरतो. उन्हात काच तपासता येते, सेन्सरसमोर लायटर पेटवला की ती काळी झाली पाहिजे. टॅक (जोड जागेवर धरायचा छोटा ठिपका) मारतानाही काच. बहुतेकांना लागतं ते टॅकलाच. आणि काम धरून उभं असलेलं पोरगं, त्यालाही दुसरं हेल्मेट द्या हो.

ट्रॉलीवाले_चाळीसगाव
राम राम भाऊ. ट्रॉलीच्या दांड्याबद्दल सांगतो, कारण तो रस्त्यावर तुटतो आणि मागून मोटारसायकल येत असते.
दांडा, हूक, एक्सलचं बूड, हे ०.८ वायरच्या मिगने करू नका. जाड प्लेटवर बीड दिसायला सुरेख येतं, पण प्लेट उष्णता खेचून घेते आणि वेल्ड नुसतं चिकटून बसतं. वरून ओळखू येत नाही. दांड्याला ७०१८, ३.१५ चा रॉड, ११०-१३० अँपियर, होल्डर प्लसला, कडा ग्राइंडरने तिरप्या करून, दोन-तीन थर, प्रत्येक थराची खपली पाडून ब्रश मारून. रॉड कोरडे हवेत. पावसाळ्यात उघडा पडलेला ७०१८ साध्या उन्हात वाळवून चालत नाही, त्याला ओव्हनमध्ये ३०० अंशांच्या वर तास-दोन तास भाजावं लागतं. सोय नसेल तर नवीन पाकीट फोडा.
कल्टिव्हेटरचे दाते स्प्रिंग स्टीलचे असतात. ६०१३ ने जोडले की जोडाच्या शेजारी तडकतात. शक्यतो बदला. रोटाव्हेटरचं पातं तर जोडूच नका, फिरताना उडालं तर माणूस जातो.
ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर काम असेल तर अवजार सोडवा. जमत नसेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि क्लॅम्प वेल्डच्या वीतभर अंतरावर, घासलेल्या लोखंडावर. चाकाला क्लॅम्प लावला की करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला खड्डे पडतात.

कपाशी_पारोळा
लाइन ६ च्या वायरने टाकून घेतली, आरसीसीबी लावला. ओटा झाला. सीओटूवर ०.८ वायर, टॉर्च प्लसला. ५ मिमीच्या पट्टीवर टी जोड मारून बघितला, १८ व्होल्ट. वायर पत्र्याला ढोसतेय असं वाटतं, टॉर्च मागे ढकलली जाते, पट-पट आवाज येतो. एका बाजूने बीड मारून हातोड्याने दुमडलं तर जोड उघडला, खालच्या पट्टीवर नुसता चकचकीत ठसा.
एक अजून: घामाने ग्लोव्हज ओले होतात. चालतं का?

निदेशक_भुसावळ
दुमडून बघितलंत हे फार चांगलं केलंत. चकचकीत ठसा म्हणजे खालची पट्टी वितळलीच नाही. वायर ढोसते आहे म्हणजे वायरच्या मानाने व्होल्टेज कमी. सीओटू आहे, ५ मिमी आहे, वायरचा वेग तसाच ठेवून २१ पर्यंत अर्ध्या अर्ध्या व्होल्टने चढा. पट-पट जाऊन तेलात काही तळल्यासारखा सलग आवाज आला की थांबा. वायरच्या टोकाला मोठा गोळा होऊन टिपला चिकटायला लागली तर पुढे गेलात. टिपपासून वायर १० ते १२ मिमीच बाहेर ठेवा, लांब धरली की करंट पडतो. पट्टीवरची काळी पापुद्री ग्राइंडरने घासून घ्या, मिग तिच्यावरून मुरत नाही.
ओले ग्लोव्हज चालत नाहीत. रॉडवर असताना होल्डरला आर्क नसतानाही ६० ते ८० व्होल्ट असतात, आणि घामाने भिजलेल्या कातडीला तेवढे पुरेसे आहेत. दोन जोड ठेवा, एक वाळत घाला. पायाखाली कोरडी फळी, रबरी तळाचे बूट, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. टेरिकॉटचा नको, तो ठिणगीने वितळून अंगाला चिकटतो. रॉड बदलताना उघड्या हाताने रॉड धरू नका, आणि होल्डर काखेत धरायची सवय असेल तर ती सोडा.
अशाच चार-सहा पट्ट्या मारा, प्रत्येक दुमडा. जोडाआधी पट्टी वाकायला लागली की फाळके घ्या हातात. दांड्याला एवढ्यात हात लावू नका, त्याआधी ७०१८ ची एक १० मिमीची पट्टी मारून तिचा फोटो इथे टाका.